होडीतला दुसरा माणूस

"भाला मारणार कोण?" दुकानदाराने विचारलं.

इनोकेंटीने हातातला लांबलचक हार्पून उगाच वरखाली करून पाहिला. तो तेलाच्या शेगड्या दुरुस्त करणारा माणूस. सुटे भाग घ्यायला अधूनमधून बेटावरच्या आपल्या गावातून कोडियाक शहरात यायचा आणि काम आटोपलं की टपालाच्या छोट्या विमानाने परत जायचा. मासेमारीच्या दुकानात मात्र तो साठीच्या उंबरठ्यावर आज पहिल्यांदा शिरला होता.

"एक बाई आहेत गावात," तो म्हणाला. "होडी त्यांचीच."

"आणि गळाची दोरी कोण धरणार?"

"त्याच."

दुकानदाराने चष्मा कपाळावर चढवला. "मग नका घेऊ. एका हाताने दाराएवढा हॅलिबट मासा धरून ठेवायचा आणि दुसऱ्या हाताने भाला मारायचा, हे सर्कशीत शोभतं. एक माणूस दोरी धरतो, दुसरा मारतो. त्यांच्याबरोबर कोण असतं?"

त्या बाई म्हणजे फेदोसिया. तिच्याबरोबर कोणी नसायचं. ती गावातल्या दवाखान्याची सगळी कामं बघायची. टाके घालायची, इंजेक्शनं द्यायची, म्हाताऱ्यांना गोळ्या खाल्ल्यात का म्हणून दटावायची. नवरा हृदयविकाराने गेल्यावर त्याची होडी तिने विकली नाही. रविवारची प्रार्थना झाली की एकटीच मासे धरायला निघायची. मागच्या उन्हाळ्यात तिच्या गळाला प्रचंड हॅलिबट लागला. तिने तो होडीच्या कडेपर्यंत ओढत आणला आणि वर घ्यायला आकडा रुतवला. माशाने एकच उसळी मारली. आकडा निसटला, ती होडीच्या कडेवर आपटली आणि बरगडी मोडून रिकामी परत आली. सगळ्या गावाला पट्ट्या बांधणारी बाई स्वतःच्या छातीला पट्टा बांधून बसली होती तेव्हा इनोकेंटी तिची शेगडी दुरुस्त करत होता. ती ही हकिकत हसत सांगत होती आणि हसताना कळवळत होती. तोही हसला. पण त्या दिवसापासून रविवारी दुपारी तिची होडी परत दिसेपर्यंत त्याचं कशात लक्ष लागेना.

"काय हो, दुसरं कोण आहे?" दुकानदाराने पुन्हा विचारलं.

"मी," इनोकेंटी म्हणाला, आणि आपण हे काय बोललो म्हणून स्वतःच चपापला.

लहानपणी वडिलांची होडी खाडीत उलटली होती. लाटांवर आपटणाऱ्या त्या उलट्या होडीला बापलेक चिकटून राहिले आणि वाचले. वडील आठवड्याभरात परत समुद्रावर गेले. इनोकेंटीने त्यानंतर होडीत पाऊल टाकलं नाही. धक्क्याला बांधलेल्या होड्यांमधल्या शेगड्यासुद्धा तो काढून वर आणायला लावायचा. मासेमारांच्या गावात असा माणूस म्हणजे गंमतच. सगळे त्याला जमिनीवरचा केंटी म्हणत. त्यात वाईट हेतू नसे, पण ते नाव त्याला कधी आवडलंही नव्हतं.

"मग हा ठेवा," दुकानदाराने त्याच्या हातातला चकचकीत ॲल्युमिनियमचा हार्पून काढून घेतला. "लांबीला भुलून लोक हा नेतात आणि छोट्या होडीत फिरवताना एकमेकांची डोकी फोडतात." त्याने भिंतीवरून लाकडी दांड्याचा, त्याहून आखूड भाला उतरवला. "आता टोक बघा. पक्क्या बसवलेल्या टोकाचा कधी घेऊ नका. मासा गरागरा फिरला की दांडाच पहारीसारखा होतो आणि टोक उचकटून काढतो. हे टोक सैल आहे, दोरी त्यालाच बांधलेली. आरपार गेलं की दांड्यावरून सुटतं आणि पलीकडे आडवं होतं, कोटाच्या बटणासारखं. मग मासा आणि तुम्ही, मध्ये फक्त दोरी. दोरीचं दुसरं टोक होडीच्या खुंटीला, मध्ये हा तरंगता बोया."

"फेकायचा किती लांबून?"

"फेकायचा नसतोच. मासा कडेला आला की वरून दाबून रोवायचा. कल्ल्याच्या जरा मागे. आणि एक लक्षात ठेवा, त्याचं डोकं पाण्याबाहेर काढू देऊ नका. पाण्यात असतो तोवर तो शांत असतो. डोकं बाहेर आलं की पिसाळतो."

फेदोसियाच्या ओट्यावर त्याने भाला ठेवला तेव्हा ती म्हणाली, "मला वाटलं शेगडीचा पाइप आणलास." मग तिने टोक बोटाने सोडवून पाहिलं, दोरीची गाठ ओढून पाहिली, दांडा तळहातावर तोलला. "चांगला निवडलास. पण केंटी, याला दोन माणसं लागतात."

"दुकानदार तेच म्हणाला."

"मग?"

"मी त्याला सांगितलं, दोन आहेत."

ती त्याच्याकडे बघत राहिली. थट्टा तिच्या ओठांवर आली असावी, पण तिने केली नाही. "सकाळी भरती थांबायच्या आधी ये," ती म्हणाली. "आणि पोटभर खाऊन येऊ नकोस."

सकाळी समुद्र संथ होता. इनोकेंटीला तो संथ वाटला नाही. होडीच्या मध्यावर बसून त्याने दोन्ही हातांनी फळी घट्ट धरली होती. फेदोसिया इंजिन चालवता चालवता त्याला डोंगर दाखवत होती. तो फळीकडे बघत होता.

"वर बघ, म्हणजे मळमळणार नाही."

"खालीच बरं वाटतंय."

पाण्याखालच्या खडकाळ टेकाडावर तिने नांगर टाकला, गळाला ऑक्टोपसचा तुकडा लावून शिशाचं वजन तळाला सोडलं. बराच वेळ काही झालं नाही. मग गळाची काठी सावकाश वाकली, आणि वाकतच गेली. फेदोसिया उभी राहिली, पाय रोवले, आणि तिच्या चेहऱ्यावर लहान मुलीसारखं हसू पसरलं.

तिने ओढायचं, माशाने खाली जायचं, असं कितीतरी वेळ चाललं. शेवटी पाण्यात खोल काहीतरी तपकिरी, रुंद हललं. जेवणाच्या टेबलाचं फळकूट तळातून वर यावं तसा तो मासा वर आला. दोन्ही डोळे वरच्या अंगाला, आणि ते इनोकेंटीकडे लागलेले.

"ऊठ," फेदोसिया हळू आवाजात म्हणाली, जणू मासा ऐकेल. "त्याचं डोकं मी पाण्यातच ठेवते. मार."

तो उठला. होडी डुलली. त्याने भाला खाली दाबला, तो माशाच्या पाठीवरून घसरला आणि पाण्यात गेला. मासा धडधडत खाली गेला, दोरी करकरली.

"डोळे मिटलेस तू."

"हो."

"उघडे ठेव. मला या समुद्रात दुसरा भालेवाला कुठून मिळणार?"

पुन्हा ओढाताण झाली. मासा पुन्हा वर आला. या वेळी इनोकेंटीने कल्ला पाहिला, त्याची उघडझाप पाहिली, आणि जाम झालेला बोल्ट सोडवताना लावतो तसा सगळा भार टाकून भाला रोवला. हाताला कचकन जाणवलं. दांडा एकदम हलका होऊन हातात आला.

"मोडला," तो घाबरून म्हणाला.

"मोडला नाही रे, सुटला. तसाच सुटायला हवा."

शेपटीच्या एका फटकाऱ्याने दोघं नखशिखांत भिजले. दोरी सरसरत गेली, नारिंगी बोया टुणकन पाण्यात उडाला, होडी गर्रकन फिरली. पण टोक पलीकडे आडवं झालं होतं. मासा बोयाभोवती फिरत राहिला आणि दमला. मग फेदोसियाने त्याच्या शेपटीला फास टाकला आणि कल्ले कापून त्याला शांत केलं. तेव्हा कुठे इनोकेंटीच्या लक्षात आलं की आपण होडीत उभे आहोत आणि कशालाच धरलेलं नाही. तो हसायला लागला. हसता हसता कडेवरून वाकला आणि त्याला भडभडून ओकारी झाली.

फेदोसियाने त्याची कॉलर धरून ठेवली. "आता? मासा मिळाल्यावर?"

"आधी वेळ नव्हता."

माशाला होडीच्या कडेला बांधून ते सावकाश परत निघाले.

"केंटी," ती म्हणाली, "माझी शेगडी गेल्या हिवाळ्यापासून बिघडलेली नाही."

"माहीत आहे."

"तरी तू दर आठवड्याला येतोस."

"तपासलेली बरी."

"येत जा. फक्त यापुढे हत्यारांची पेटी आणू नकोस."

त्याने मान डोलावली. मग वर बघितलं, आणि डोंगर त्याला चांगले वाटले.

किनाऱ्यावर गाव जमलं. "काय रे, जमीन सोडलीस?" कोणीतरी ओरडलं. "थोडीशी," इनोकेंटी म्हणाला, आणि सगळे हसले, त्याच्यासकट. फेदोसियाने मासा फळ्यांवर आडवा घालून कापला. ज्याला हवं त्याने आपल्या पातेल्यात घेतलं. माशाच्या गालाचं मांस सगळ्यात गोड. ते तिने वेगळं काढलं आणि इनोकेंटीला म्हणाली, "चल माझ्याबरोबर."

तिची सासू मात्रोना चर्चमागच्या घरात एकटी राहायची. फेदोसियाने तिथेच लोण्यात ते तुकडे परतले. म्हातारीने एक खाल्ला, दुसरा खाल्ला, बोटं पुसली.

"भाला कोणी मारला?"

"यानेच, आई."

म्हातारीने दाराशी ओल्या कपड्यांत उभ्या असलेल्या इनोकेंटीला नीट न्याहाळलं.

"घाबरलास का रे?"

"हो, मावशी. खूप."

"माझा मुलगाही घाबरायचा," ती म्हणाली. "दर वेळी. बोलून दाखवायचा नाही, एवढंच."

फेदोसियाचा तव्यावरचा हात थांबला. हे तिलाही माहीत नव्हतं.

खिडकीजवळ एक खुर्ची होती, तिच्यावर घड्या घातलेल्या कपड्यांचा ढीग होता. मात्रोना उठली. तिने तो सगळा ढीग उचलला, आपल्या जागी येऊन मांडीवर घेतला, आणि रिकाम्या खुर्चीकडे हनुवटीने खूण केली.

"बस," ती म्हणाली. "गार होतंय."