सेक्रेटरीची शाल

"लग्नाचं बोलावणं कोणी फोनावर देतें का हो? मग सभेचं कां?" असं म्हणत कनकलतांनी नवऱ्याच्या हातातला मोबाइल काढून घेतला.

सांबशिव डॉक्टर सकाळपासून डॉक्टर-संघाच्या ग्रुपवर एकच निरोप पुन्हा पुन्हा टाकत होते: रविवारच्या वार्षिक सभेला तरुण मंडळींनी अगत्य यावे. उत्तर एकट्या गुरुमूर्तींचं आलं होतं. ते संघाचे अध्यक्ष, आणि ऐंशीच्या पुढचे.

सांबशिव नाक-कान-घशाचे डॉक्टर. अर्ध्या तंजावूरचे कान त्यांनी साफ केले, पण घरचं सांगणं त्यांच्या स्वतःच्या कानात सहसा शिरत नसे. वर्षानुवर्षं ते संघाच्या तंजावूर शाखेचे सेक्रेटरी होते, कारण दुसरं कोणी पुढे येईना. आता राज्याच्या मुख्य संघाकडून कळलं होतं की या सभेत तरुण सेक्रेटरी मिळाला नाही, तर शाखा कुंभकोणमच्या शाखेत मिसळून टाकू. कुंभकोणम, कायमच्या चढाओढीचं शेजारचं गाव! तंजावूरच्या माणसाला याहून मोठं दुःख देणं कठीण. पण थट्टा बाजूला ठेवली, तर आयुष्यभर सांभाळलेलं आपल्याच हातून बुडणार, या विचाराने ते बिचारे खचले होते.

"मग काय करूं म्हणतेस?"

"घरोघर जाऊं. ताटांत कुंकू, अक्षता, पान-सुपारी, केळीं. मी पण येतें."

"मीटिंगला अक्षता कोण देतें गे?"

"तुमच्या मीटिंगला कुत्रं येत नाहीं. आपल्या लेकीच्या लग्नाला गांव लोटलें. कोणाची पद्धत बरी, तुम्हीच सांगा."

डॉक्टरांनी गाडीची किल्ली घेतली.

पापनाशमला हाडांच्या तरुण डॉक्टराने, वैद्यनाथने, बनियनवर दार उघडलं, ताट पाहिलं आणि आत पळाला. शर्ट घालून आला तो विचारत, "कोणाचं लग्न अंकल?" मीटिंग आहे हे ऐकून तो खो खो हसला. पण कपाळाला कुंकू लागल्यावर नाही कसं म्हणायचं? तो येतो म्हणाला, आणि तिथून पुढच्या घरांत हीच गत झाली. डॉक्टरांना गंमत वाटू लागली. केळी संपली तेव्हा तेच धावत जाऊन फणी घेऊन आले.

ओरत्तनाडूला हरिता राहायची. सरकारी दवाखान्यातली डॉक्टर, आपल्याच तंजावुरी मराठी घरांतली पोर. नवरा नोकरीला तिरुचीला, कडेवर तान्ही भुवना. हरिताने कुंकू लावून घेतलं, नमस्कार केला, पण येतें म्हणाली नाही.

"मामा, राग नक्को. गेल्या वर्षीं मी आलें होतें. एकेका मोठ्या डॉक्टरला पोन्नाडै घालतांना सगळी संध्याकाळ गेली. मज कोणी एक शब्द विचारला नाहीं. ही रडली, तर सगळे वळून पाहिले. मी न जेवतां उठून आलें."

पोन्नाडै म्हणजे सन्मानाची जरीची शाल. ती संध्याकाळ सांबशिवांनीच आखली होती, आणि फार छान झाली असं त्यांना आजपर्यंत वाटत होतं.

"तुज काय होणा, सांग," तिला काय हवं ते त्यांनी हळूच विचारलं.

"इकडे मी एकटी असतें मामा. कठीण पेशंट आला तर कोणाला विचारूं? मोठ्यांना फोन करायला भय वाटतें."

डॉक्टरांना फार वाईट वाटलं. यंदा पहिल्यांदाच एखाद्याचं बोलणं त्यांच्या कानातून थेट काळजापर्यंत गेलं होतं.

"ये तूं. यंदा तुम्ही विचारायचं, आम्ही उत्तर द्यायचं. आणि हिला कनका सांभाळेल."

रविवारी हॉलमध्ये खुर्च्या पुरेनात. तरुण डॉक्टर पोराबाळांसकट आले होते. जुन्यांना प्रश्न विचारता विचारता हसणं, वाद, चेष्टा यांना ऊत आला. गुरुमूर्ती तर आपल्या नवशिकेपणातल्या चुका सांगताना रंगून गेले. सेक्रेटरी कोण होणार, हे विचारायची वेळ आली तेव्हा मात्र जो तो दुसऱ्याकडे पाहू लागला.

"मी होतें," हरिता उभी राहिली. "पण आजपासून शाली नक्कोत."

सगळ्यांचे डोळे व्यासपीठावरच्या शालींच्या गठ्ठ्याकडे गेले, आणि तिथून गुरुमूर्तींकडे. शालींचा त्यांना केवढा शौक! गुरुमूर्ती काठी टेकत उठले, त्यांनी वरची हिरवी शाल उचलली आणि पेंगुळलेल्या मुलांपाशी जमिनीवर अंथरली.

"इतकीं वर्षं खांद्यावर घेतलों. हिचा उपयोग आज कळला," ते म्हणाले, आणि हॉल टाळ्यांनी दणाणला.

ती हिरवी शाल सांबशिवांच्या निरोपाच्या सत्कारासाठी आणली होती. कनकलतांनी भुवनाला तिच्यावर निजवलं, आणि थोड्या वेळाने त्या किंचाळल्या, "अय्यो, तुमची शाल! भिजवली हो हिनें!"

"राहूं दे. उठवूं नक्को तिला," डॉक्टर तिच्यापाशी बसत म्हणाले. शाखा वाचली होती, आणि त्यांना इतकं हलकं वाटत होतं की हसावं का रडावं कळेना.

तेवढ्यात व्यासपीठावरून कोणीतरी हाक मारली, "सेक्रेटरी कोठ अहेत?"

सवयीने सांबशिव अर्धे उठले. पण त्यांचं बोट भुवनाच्या मुठीत होतं, आणि हरिता पायऱ्या चढतही होती. ते परत खाली बसले.