सर्व्हेयर येणार म्हणून धुतलेला टप

मी एका कॅरव्हॅनचा टप बोलतोय. कॅरव्हॅन म्हणजे चाकांवरचं छोटं घर आणि मी त्याचं छप्पर. आत आलेले लोक गादीचं कौतुक करतात, खिडकीचं करतात. वर कोणी बघत नाही.

एका कारखान्यात फायबरपासून माझा जन्म झाला. पहिल्या मालकाने मला उन्हात उभं केलं आणि विसरून गेला. मग अमिरातीतल्या अल ऐनच्या सदानंदरावांनी आम्हाला विकत घेतलं. हिवाळा आला की ते, अनुपमाताई आणि मुलगी ईश्वरी वाळवंटात मुक्कामाला जायचे. मी थंड व्हायचो, खाली पत्ते रंगायचे. यंदाचा हिवाळा तिघांचा एकत्र शेवटचा होता. ईश्वरी जूनमध्ये पुण्याला शिकायला जाणार होती.

आणि नेमक्या डिसेंबरातच गारा पडल्या. माझ्या अंगावर भेगा पडल्या, सांधा उकलला. विमा कंपनीने सांगितलं, "सर्व्हेयर बघून जाईपर्यंत गाडी हलवायची नाही. हलवलीत तर क्लेम रद्द."

एवढं ऐकून माणसांनी काय करावं? अनुपमाताई म्हणाल्या, "अहो, तो माणूस वर चढणार. ही धूळ बघून काय म्हणेल?" त्यांनी मला साबणाने घासलं. सदानंदरावांनी भेगांत सीलंट भरलं, वरून पांढरा रंग मारला. मी मनात ओरडत होतो, अरे, माझ्या जखमा दाखवायच्या आहेत, माझं लग्न लावायचं नाही.

सर्व्हेयर अँड्र्यू वसईचा निघाला. सगळ्यांना आनंद झाला. आधी पोहे झाले, मग तो शिडीवर चढला.

"वहिनी, पोहे एकदम मस्त. पण टप चांगलाच आहे की."

"भेगा आहेत हो, आतून. कालच बुजवल्या," सदानंदराव म्हणाले.

"का बुजवल्या?"

"तुम्ही येणार म्हणून."

अँड्र्यू कपाळाला हात लावून बसला. "आधीचे फोटो?"

"इतक्या घाणीचे फोटो कोण काढतं?" अनुपमाताई म्हणाल्या.

पुरावाच नाही म्हटल्यावर त्याने रिपोर्टमध्ये लिहिलं, उन्हाने झालेली झीज, जुनी दुरुस्ती. सदानंदराव चिडले. "ऊन काय फक्त माझ्याच टपावर पडतं?" क्लेम नामंजूर झाला तेव्हा त्यांनी अपील केलं, म्हणजे निकाल लागेपर्यंत गाडी परत जागेवरच. दुसरा सर्व्हेयर आला, त्याने पहिल्याचा रिपोर्ट वाचला, मान हलवली आणि गेला. मग ईमेल, मग फोन, मग फोनवर वाजणारं तेच ते संगीत. जानेवारी गेला, फेब्रुवारी गेला. पावसाचा एक थेंब पडला नाही आणि गळणाऱ्या टपासाठी सगळे घरात बसून राहिले.

आज ईश्वरी म्हणाली, "बाबा, इट्स ऑलमोस्ट समर. आपण जाणारच नाही का?"

"इन्शाल्ला, या आठवड्यात निर्णय येईल. आत्ता हलवली तर सगळं वाया जाईल."

"दॅट्स व्हॉट यू सेड लास्ट मंथ."

सदानंदरावांनी परत नंबर लावला. संगीत सुरू झालं. अनुपमाताईंनी त्यांच्या हातातून फोन काढून घेतला आणि बंद केला.

"खलास. गाद्या मी गाडीत टाकल्यात. ईश्वरी, वर चढ, प्लास्टिक बांधूया."

आता मायलेकी माझ्यावर दोरी आवळतायत. सदानंदराव खाली किल्ली हातात घेऊन उभे आहेत आणि अजून रिपोर्टबद्दलच बोलतायत. पाऊस आलाच तर मी गळणार, हे आधीच सांगून ठेवतो. पण सदानंदराव, भांडायला अख्खं वर्ष पडलंय, पोरगी मात्र जूनपर्यंतच इथे आहे. गाडी सुरू करा.