माया न ठेवलेला लॅपटॉप

लॅपटॉपच्या त्या सौद्यात शालिकराम टेलरचा फायदा दुहेरी होता. सोळा जीबीऐवजी आठचा घेतला की उरलेल्या पैशात दुकानासाठी इंटरलॉकचं मशीन येत होतं. शिवाय, दुकानदार महागाचा माल गळ्यात मारत होता पण आपण बधलो नाही, हे अकोल्यात निदान वर्षभर सांगता येणार होतं. हा दुसरा फायदा त्याला पहिल्यापेक्षा प्यारा.

तोटा त्याला कुठं दिसतच नव्हता, कारण त्याचा मायेवर विश्वास होता. माया म्हणजे शिलाईच्या आत दुमडून ठेवलेलं जादा कापड. माणूस फुगला की टेलर शिलाई उसवतो, माया सोडतो, आणि तोच कपडा पुन्हा अंगात जातो. जुन्या शहरातली अर्धी पोटं शालिकरामच्या मायेच्या भरवशावर वाढली होती.

"बाबा, कॉलेजनं सोळाचाच सांगतला हाय," रागिणी म्हणाली होती. अमरावतीला इंटेरिअर डिझाइनला तिचा नुकताच नंबर लागला होता.

"तू आत्ता पयल्या वर्षाले. आठचा घेऊ, वाढत्या अंगाचा. कमी पडला का वाढवून घेऊ."

दुकानात त्यानं खात्रीही करून घेतली. "याची मेमरी वाढते ना?"

"वाढते ना काका! पाह्यजे तेवढी."

दुकानदार खोटं बोलला नाही. तो फोटो-पिक्चर साठवायच्या जागेबद्दल बोलत होता, शालिकराम लॅपटॉपच्या ताकदीबद्दल विचारत होता. मेमरी हा शब्द दोघांनी आपापल्या मापानं घेतला आणि पावती फाटली.

पहिलं वर्ष निघालं. दुसऱ्या वर्षी रागिणीनं एका वाचनालयाची आतली सजावट करायला घेतली. फरशी टाकेपर्यंत ठीक. खुर्च्या मांडल्या, दिवे लावले, की लॅपटॉप बसकण मारायचा. सोमवारी बाहेरचे परीक्षक येणार होते. अख्खं वाचनालय स्क्रीनवर फिरवून दाखवायचं, नाही दाखवलं तर वर्ष तिथंच अडकलं. शनिवारी सकाळी तिनं फोन केला.

"बाबा, दिवे लावले का बंद पडते."

"मंग नको लावू ना दिवे."

"बाबा!"

"बरं, येतो मी. उसवून घेऊ त्याले."

दुपारी बापलेक राजकमल चौकाजवळ धर्मेंद्रच्या रिपेरिंगच्या दुकानात बसले होते. धर्मेंद्रनं खालचं झाकण काढलं, टॉर्च मारला आणि मान हलवली.

"काका, यात रॅम वाढत नाही."

"काहून? औजार तं सारे हायेत तुयाजवळ."

"औजारानं काय होते? कंपनीनं बोर्डालेच सोल्डर केला हाय. दुसरा बसवाले जागाच नाही. हे बारीक लॅपटॉप बरेचसे असेच येतेत. घेताना जेवढा घेतला, तेवढाच शेवटपर्यंत."

शालिकरामनं चष्मा चढवून आत डोकावून पाहिलं. मग धर्मेंद्रकडे पाहिलं.

"म्हणजे, मायाच नाही ठेवली?"

"कोणती माया?"

"अरे, एवढी मोठी कंपनी, अन् पार काठावरून शिवते? मी असा पँट शिवला असता तं लोकायनं मले दुकानात कोंडून बाहेरून कुलूप लावलं असतं! मंग गिऱ्हाइकाचं पोट वाढलं तं त्यानं कराव काय?"

"ते म्हणतेत, नवा घ्या."

"वा रे टेलर!"

धर्मेंद्र इतका हसला की खोलायचे पैसे घ्यायचे राहून गेले. रागिणी मात्र हसली नाही.

"बाबा, सोमवार हाय."

नव्या लॅपटॉपला पैसे नव्हते; वाचवलेले इंटरलॉक होऊन अकोल्यात घरघरत होते. शालिकरामनं पिशवी उचलली. "चाल, मनोजकडे."

मनोज म्हणजे ज्योत्स्नाचा, शालिकरामच्या बायकोचा धाकटा भाऊ. मोर्शीकडून संत्री घ्यायची आणि बाहेर पाठवायची, हा त्याचा धंदा. धंदा सगळा फोनवर चालायचा, पण गेल्या दिवाळीत त्यानं सोळा जीबीचा लॅपटॉप घेतला होता. हिशेबासाठी.

चहा आला. शालिकराम संत्र्यांचा आंबिया बहार, मृग बहार, ट्रकचं भाडं असा लांबून वळसा घेत होता. रागिणीनं सरळ तोंड उघडलं.

"मामा, तुमचा लॅपटॉप मले द्या. माहा तुमी ठेवा."

"सोळाच्या बदल्यात आठ? भाऊजी, हा कोणता हिशेब?"

"मनोजभाऊ, तुमाले पत्तेच खेळाचे हायेत. बावन्न पान आठमंधी आरामात मावतेत."

"धंद्याचं काम करतो मी त्याच्यावर!"

"आत्ता कोणतं करून राहिले होते?" स्वयंपाकघरातून हर्षामामीचा आवाज आला. "इस्पिकची राणी अडकली होती, ते निघाली का?"

मनोजनं लॅपटॉप हळूच मिटला. पण व्यापारीच तो. "बरं, देतो. पण वरचं काय?"

"वरचं मी सांगते," मामी बाहेर येत म्हणाली. "पोरीचं कॉलेज सरेपर्यंत माहे सारे ब्लाउज भाऊजीच्या दुकानात शिवाचे. फुकट."

शालिकरामचा चेहरा खुलला. दुकानात तो शर्ट-पँट शिवायचा, ब्लाउज ज्योत्स्ना शिवायची. म्हणजे या अदलाबदलीत त्याचं जात काय होतं? "मंजूर!" म्हणाला, आणि आनंदाच्या भरात त्यानं स्पीकर लावून बायकोला फोन केला.

"शब्द कोणं देल्ला?" ज्योत्स्नानं विचारलं.

"मीनं."

"मंग तुमीच शिवा. मले माह्या गिऱ्हाइकायचे हायेत."

"आयकलं ना भाऊजी?" मामी म्हणाली. "फिटिंग बसेस्तोवर उसवाचं, बरं का."

सोमवारी रागिणीनं वाचनालयातले झाडून सगळे दिवे लावले. लॅपटॉप हूं का चूं बोलला नाही. परीक्षकांनी एकच खोड काढली: ग्रंथपालाची खुर्ची दाराकडे पाठ करून होती.

आता कोणाच्या खिशाला काय लागलं ते पाहू. कंपनीला लॅपटॉपचे पुरते पैसे आधीच पोचले होते, तिचं काही गेलं नाही. मनोजचे पत्ते पहिल्याइतकेच सुरळीत पडतात. फक्त हरला की तो आठ जीबीला नावं ठेवतो. मामीला ब्लाउज मिळतात, रागिणीला सोळा जीबी मिळाले. भरतो आहे एकटा शालिकराम. दोरा त्याचा, अस्तर त्याचं, दुपारची झोप त्याची, आणि ब्लाउजची कटोरी वाकडी कापली गेली की ज्योत्स्नाची बोलणीही त्याचीच, तीसुद्धा गिऱ्हाइकांसमोर.