झुंबरबाईंच्या सतरा शेकांची टेप

मित्रांनो, मी एक जुना टेप ड्राइव्ह आहे. अहिल्यानगरमधल्या एका कॅन्सरच्या दवाखान्यात, काचेच्या दाराआड माझं कपाट आहे. त्याला टेप लायब्ररी म्हणतात. त्यात आठ खण आणि आठ टेपा. एक यांत्रिक हात हवी ती टेप उचलून माझ्या तोंडात देतो. मी तिच्यावर दवाखान्याची माहिती लिहून ठेवतो आणि मूळ माहितीला काही झालंच, तर वाचून परत देतो.

मला निवडलं राजेश्वरीताईंनी. दवाखान्याचे कॉम्प्युटर त्याच सांभाळत. त्या दिवशी टेबलावर आम्ही दोन ड्राइव्ह होतो. दुसरा माझ्याहून वेगवान होता. दोघांनीही भराभर लिहून दाखवलं. ताई विक्रेत्याला म्हणाल्या, "लिहिलेलं बघितलं. आता मूळ फाइली पुसते. परत काढून दाखवा."

दुसऱ्याच्या चार फाइली उघडल्याच नाहीत. माझ्या सगळ्या उघडल्या. तरीही ताईंनी विचारलंच, "बिघडला तर नगरला माणूस किती तासांत येईल? सुटे भाग किती वर्षं मिळतील?" उत्तरं पटली, तेव्हा कुठे त्यांनी सही केली. मला केवढा अभिमान वाटला!

सहा वर्षं ताई दर महिन्याला एखादी फाइल परत मागून माझी परीक्षा घेत. माझं हेड, म्हणजे टेप वाचणारा भाग, वेळच्या वेळी साफ करत. मग श्रीमंत नावाचे साहेब नवे व्यवस्थापक म्हणून आले. "डिस्कवर आपोआप कॉपी होते. आता टेप कोण बघत बसतं?" असं म्हणून त्यांनी ताईंना केसपेपरच्या खिडकीवर पाठवलं. दर रविवारी टेप आपोआप चढत राहिली, पण माझ्याकडे कुणी फिरकेना. माझ्यासमोर कागदांचे खोके रचले गेले. 'साफ करा' सांगणारा माझा केशरी दिवा त्यांच्यामागे तीन आठवडे पेटलेला होता.

आणि एका मंगळवारी सकाळी दवाखान्यातल्या कॉम्प्युटरचे सगळे पडदे एकदम काळे झाले. कुणीतरी दुरून आमचे कॉम्प्युटर कुलूपबंद केले होते. वायरीने जोडलेली डिस्कही त्यात गेली. खणातल्या सुट्या टेपा तेवढ्या वाचल्या.

दाराबाहेरच्या बाकावर अकोले तालुक्यातल्या झुंबरबाई बसल्या होत्या. पहाटेच्या गाडीने आलेल्या. त्यांना तीस दिवस किरणांचा शेक घ्यायचा होता, शनिवारपर्यंत सतरा झाले होते, सोमवारी सुट्टी होती. डॉक्टर त्यांच्या मुलाला, वाल्मिकला, सांगत होते, "नेमका कुठे, किती शेक दिला ते कळल्याशिवाय पुढचा देता येत नाही. आणि फार खंड पडला, तर झालेल्याचा उपयोग कमी होतो."

"पन तुमी लिवलंय ना कुटंतरी?" झुंबरबाईंनी विचारलं.

मी आतून ऐकत होतो. हो, लिहिलं होतं. पण मळक्या हेडने लिहिलं होतं. वाचता येईल का, ते मलाच ठाऊक नव्हतं.

ताईंना धावत बोलावून आणलं. त्यांनी खोके बाजूला लोटले आणि दिवा पाहिला. "अरे देवा," एवढंच त्या बोलल्या. श्रीमंत साहेबांनी मान खाली घातली. ताईंनी क्लीनिंग टेप घातली, मला साफ केलं. मग एक कॉम्प्युटर कोरा करून मला जोडला आणि रविवारची टेप आत दिली.

मी वाचू लागलो. दहा टक्के. तीस. बासष्टवर अडलो. टेप मागे घेतली, पुन्हा वाचली. पुन्हा तिथेच अडलो. साहेब म्हणाले, "जुनी टेप लावा ना."

"तिच्यात ह्या बाईंचे सगळे शेक नाहीत," ताई म्हणाल्या. "थांबा. त्याला वाचू द्या."

पाचव्या वेळी ती जागा वाचली गेली. दुपारी झुंबरबाईंची फाइल उघडली. सतराच्या सतरा नोंदी जागेवर होत्या. डॉक्टरांनी त्या दोनदा तपासल्या. शेक द्यायचं यंत्र सुरू व्हायला दुसरा दिवस उजाडला. बुधवारी अठरावा शेक घेऊन बाई बाहेर आल्या आणि वाल्मिकला म्हणाल्या, "चल, गाडी गाठू."

पण मित्रांनो, सगळंच परत आलं नाही. काष्टीच्या साळूबाईंच्या तपासणीचे फोटो ज्या जागी होते, ती जागा मला शेवटपर्यंत वाचता आली नाही. त्यांना तीच दुखरी तपासणी पुन्हा करावी लागली. "माजंच कसं गेलं वो?" त्या विचारत होत्या. ताईंनी त्यांचा हात धरला.

आता ताई पुन्हा माझ्याकडे आल्या आहेत. पण साळूबाईंचा तो प्रश्न काही माझ्यातून पुसला जात नाही.

मित्रांनो, तुमच्याकडेही कुणी काही विश्वासाने जपायला दिलं असेल. ठेवलंय, एवढ्यावर निर्धास्त राहू नका. मधूनमधून उघडून बघत जा. ते मागायला माणूस येतो, तेव्हा त्याच्याकडे दुसरं काही उरलेलं नसतं.