एकतीस साक्षीदार

"बसला," हवालदार म्हणाला. "व्हॅनपासून लांब व्हा."

बर्फ्याच्या व्हॅनच्या मागच्या चाकाशी पोलिसांचा तपकिरी कुत्रा बसला होता आणि मान वर करून हवालदाराच्या हाताकडे बघत होता. बर्फ्या समोरच्या निवृत्त बाईंचा फ्रिज दुरुस्त करून नुकताच बाहेर आला होता.

"काय झालं, साहेब?"

"कुत्र्याला वास आलाय. अमली पदार्थाचा. झडती घ्यावी लागेल."

"घ्या की."

बावीस वर्षं फ्रिज दुरुस्त करणाऱ्या या माणसाला चिडलेलं कुणी पाहिलं नव्हतं. म्हणून तर धंद्यातल्या लोकांनी त्याचं नाव बर्फ्या ठेवलं होतं. दोन मिनिटांत आटोपेल, असं त्याला वाटलं.

दीड तास लागला. सीट ब्लेडने फाडल्या. पान्यांची पेटी रस्त्यावर उलटी केली. जेवणाच्या डब्यात बोट फिरवलं. मग भर गल्लीत त्याला शर्ट, बनियन, बूट काढून उभं केलं. खिडक्याखिडक्यांत लोक जमले होते. त्यातल्या निम्म्या घरांतले फ्रिज त्याच्या हाताखालून गेलेले. निवृत्त बाईंनी पडदा ओढला, मग आतून कडी लावल्याचा आवाज आला.

काहीही सापडलं नाही.

"मग आता?" बर्फ्याने विचारलं.

हवालदाराने कुत्र्याला बिस्किट दिलं. "कुत्रा खोटं बोलत नाही. आज सापडलं नाही, एवढंच."

गाडी निघून गेली. बर्फ्या उघड्या अंगाने गटारातले पाने वेचत राहिला.

फ्रिजवाला म्हणजे थेट स्वयंपाकघरात घ्यायचा माणूस. महिन्याभरात कामं आटली. कुणी म्हणायचं नंतर कळवतो, कुणी म्हणायचं नवाच घेतला.

"अहो, सोडा आता," बायको म्हणाली. "लोक विसरतील."

"लोक विसरतील. मी नाही."

"नक्की हवंय तरी काय तुम्हाला?"

"त्याचं तोंड बघायचंय. त्याने बोट दाखवावं आणि तिथे काही निघू नये. चारचौघांत. तेव्हाचं तोंड."

बायकोने त्याच्याकडे निरखून पाहिलं. हा आवाज तिने लग्नानंतर पहिल्यांदाच ऐकला होता.

झेरॉक्सच्या दुकानावर एका वकीलबाईंचं ऑफिस होतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा काढून ठेवला.

"गाडीच्या बाहेरून कुत्र्याने वास घेतला, तर कायदा त्याला झडती मानत नाही. गाडी उघडायची म्हणजे झडती. तिला कारण लागतं, आणि कुत्रा बसला हेच कारण."

"म्हणजे कुत्रा बसला की संपलं?"

"कुत्र्याची उलटतपासणी घेता येत नाही. पण तो किती वेळा चुकला, हे विचारता येतं. त्यांच्या नोंदवहीत फक्त माल सापडल्याच्या नोंदी असतात. जिथे काही निघालं नाही, ती माणसं वहीत नाहीतच."

"ती माणसं आणली तर?"

"आणा. पण एक लक्षात ठेवा, कुणाला काही द्यायचं नाही. फुकट दुरुस्तीसुद्धा नाही."

बर्फ्या चौदा महिने फिरला. शिल्लक राहिलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाकडे, सुट्या भागांच्या प्रत्येक दुकानात तो विचारायचा, "तुमच्या ओळखीत कुणाकडे कुत्रा येऊन बसला होता का?" लोक दार लोटून घ्यायचे. बेकरीवाल्या बाईनेही लोटलं. तेव्हा तो फटीतून म्हणाला, "तुम्हालाही तो म्हणाला का? आज सापडलं नाही, एवढंच?"

दार उघडलं.

"मेल्याने पिठाची सगळी पोती फाडली माझी," ती म्हणाली. "आणि वर हेच वाक्य! एक सांगू का? कुत्रा आपणहून बसलाच नाही. हा थबकला, खिशात हात घातला, मग बसला."

पुढे बर्फ्या प्रत्येकाला खिशाचं विचारू लागला, पण आपण काही न सुचवता. नऊ जणांना तो हात आठवत होता. रात्री अंथरुणावर पडल्यावर तो माणसं मोजायचा. झोप चांगली लागायची.

वकीलबाईंनी झडतीविरुद्ध कोर्टात दावा लावला, आणि सुनावणीला एकतीस जण आले. रिक्षावाला, शिंपी, तान्हं बाळ घेतलेली एक शिक्षिका. हवालदार छातीवर पदक लावून आला होता.

वकीलबाईंच्या अर्जावरून न्यायाधीशांनी आवारातच परीक्षा घेतली. भिंतीशी सहा खोकी ठेवली. पाच सुतळीने बांधलेली, चौथ्यावर मात्र प्रयोगशाळेचं लाल सील. न्यायाधीश एवढंच म्हणाले, "यांत काही असेल, तर कुत्र्याला दाखवू द्या."

पहिलं, दुसरं, तिसरं. कुत्रा हुंगत पुढे गेला. चौथ्यापाशी हवालदाराचं पाऊल अडलं. हात खिशाकडे गेला.

कुत्रा बसला.

"उघडा," न्यायाधीश म्हणाले.

आत जुनी वर्तमानपत्रं होती. हवालदाराने ती एकेक करून बाहेर काढली, तळ चाचपला, खोकं उलटं करून आपटलं. मग बाकीची पाचही उघडली. सगळी रिकामी. कुत्रा बिचारा शेपटी हलवत बिस्किटाची वाट बघत होता.

हवालदाराच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला. कानांच्या पाळ्या तेवढ्या लाल राहिल्या. बर्फ्याने ते तोंड पोटभर पाहिलं. कीव येईल असं त्याला वाटलं होतं. आली नाही. तो दोन पावलं पुढे गेला.

"साहेब," तो हळूच म्हणाला, "आज सापडलं नाही, एवढंच."

एकतीस माणसं खदखदून हसली. न्यायाधीशांनीही त्यांना लगेच थांबवलं नाही.

झडती बेकायदा ठरली. पदक परत घेतलं, हवालदाराला टपाल विभागात टाकलं. त्या कुत्र्याच्या खुणेवर झालेले बाकीचे खटलेही एकेक करून कोसळले.

तीन महिन्यांनी बर्फ्याच्या दुकानात इस्त्रीच्या शर्टातला एक माणूस आला. न विचारताच स्टुलावर बसला.

"तुमचे आभार मानायचे होते. सात वर्षांची शिक्षा होती मला. तुमच्या निकालावर सुटलो."

"तुमच्याकडेही काही नव्हतं?"

तो हसला. "डिकीत दोन किलो होतं."

बर्फ्याने हातातला पाना खाली ठेवला. "मग माझे आभार मानू नका. माझ्याकडे काही सापडलं नव्हतं."

"माझ्याकडेही नाही," तो माणूस समजुतीने म्हणाला. "कायद्याने आता माझ्याकडेही काही सापडलेलं नाही." त्याने कागदावर पत्ता लिहिला. "आमचा फ्रिज गार करत नाहीये. केव्हाही या. मी नसलो तरी बायको आत घेईल."

तो गेल्यावर बायको आतून बाहेर आली. "कोण होतं?"

"गिऱ्हाईक."

"नवं?" तिचा चेहरा उजळला. निकालानंतर घरी बोलावणारं ते पहिलंच नवं गिऱ्हाईक होतं. "मग कधी जाताय?"

बर्फ्याने कागदाचे चार तुकडे केले. मग तो खाली बसला आणि समोरच्या फ्रिजची मागची जाळी खोलू लागला. तो फ्रिज सकाळीच दुरुस्त झाला होता.