मेन बंद असताना

“घरातले दिवेच मेले मिणमिणते,” हे आजीचं महिनाभर चाललं होतं. नातीचं झबलं उलटं घातलं, तर दिवे. चहात साखरेऐवजी मीठ पडलं, तरी दिवेच. डोळ्यांनी दगा दिलाय, समोर नुसतं पांढरं धुकं आहे, हे तिने कुणालाही कळू दिलं नव्हतं. कळलं असतं तर नातीची अंघोळ हातची गेली असती. चार महिन्यांचं ते गुळगुळीत, ओलं गाठोडं रोज सकाळी तिच्या पसरलेल्या पायांवर यायचं आणि तिचं बोट हिरड्यांनी चावायचं. दिवसभरात तिला दुसरं होतं तरी काय?

पण मुलाने गाऱ्हाणं मनावर घेतलं आणि थेट वायरमनच बोलावला. सगळ्या खोल्यांतल्या फिटिंग बदलायच्या. झाली का पंचाईत! आता खापर फोडायचं कुणावर?

वायरमन बोलका होता. “आजी, जुना होल्डर पार जळालाय बघा.”

“मी म्हणत नव्हते?” आजी सोफ्यावरून म्हणाली. नात तिच्या मांडीवर होती.

फिटिंग बसली, की मेन स्विच सुरू करण्याआधी वायरमन बटण खालीवर करून बघायचा, अडकत तर नाही ना म्हणून. भर सकाळी हॉलमधलं बटण वाजलं. खट्.

आजीने वेळ साधली. “अगं बाई, काय लख्ख उजेड पडला! आता कसं घर घरासारखं दिसतंय!”

शिडीची पायरी तेवढी करकरली.

“डोळ्यांवर येत नाही ना गं, आई?” मुलाने विचारलं. आवाज भलताच गोड.

“येतोय रे थोडासा.” तिने कपाळावर हात धरला.

सून फिस्सकन हसली. मुलाने पुन्हा बटण दाबलं. खट्. “आणि आता, आई? मघाचा पांढरा बरा, की हा पिवळा?”

“पिवळाच. डोळ्यांना थंड वाटतो.”

“साहेब, राहू द्या ना,” वायरमन हळूच म्हणाला.

“तुम्ही तुमचं काम करा हो.” खट्. “आणि हा निळा?”

आजी घुटमळली. “निळा कशाला रे बैठकीच्या खोलीत? दवाखान्यासारखं दिसतंय.”

“अहो, निळासुद्धा दिसला यांना!” सुनेला हसू आवरेना.

“आजी,” वायरमन म्हणाला, “मेन बंद आहे अजून.”

मांडीवरचं वजन एकदम उचललं गेलं. उबेची जागा तेवढी राहिली.

“उकळत्या पाण्यात घातलं असतंत माझ्या लेकराला.” सून आता हसत नव्हती. “महिनाभर खोटं बोलत होतात, आई. यापुढे हात लावायचा नाही तिला.”

“अगं, कोपराने बघते मी पाणी. आधी कोपर बुडवते, मग थेंबभर तिच्या पायावर...” आजी सांगत राहिली. आतल्या खोलीचं दार लागलं तरी सांगतच होती.

“साहेब, एक फिटिंग उरलीय,” वायरमन म्हणाला. “आजींच्या खोलीतली. जुनी काढून ठेवलीय मी.”

“ती जिन्यात लावून टाका. तिथे कुणाच्या तरी उपयोगी पडेल.” मुलगाही आत गेला.

आजीच्या खोलीत चिकटपट्टी दातांनी तोडल्याचा आवाज आला. वायरमन बाहेर येऊन म्हणाला, “उघड्या वायरींना पट्टी लावलीय, आजी. शॉक नाही बसायचा.”

“बरं.”

आत बाळ रडायला लागलं. आजीने मान वळवून कान दिला.

“भुकेचं नाही ते,” ती वायरमनला म्हणाली. “झोपेचं आहे. पायांवर पालथं घेऊन जरा थोपटावं लागतं. सांगता का तिला?”

“सांगतो,” वायरमन म्हणाला, आणि शिडी खांद्यावर घेऊन जिन्याकडे गेला.