उजवी पाकळी

देवापुढे सगळी माणसं समान असतात. तरी त्या सकाळी लाटंबार्शाच्या देवळात जयराम गाभाऱ्यापुढे उभा होता, आणि देवकी, त्याची बायको, त्याच्याही पुढे.

"मागे सर," जयराम कुजबुजला. "सायकल माजी आसा."

"घोव माजो आसा," देवकी म्हणाली, आणि तिथेच राहिली.

कृष्णनाथ गुरवाने पाण्यात भिजवलेल्या दोन पाकळ्या देवाच्या अंगावर चिकटवल्या. एक उजव्या खांद्याला, एक डाव्या. उजवी आधी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. या देवळात जमिनींचे तंटे, मुलींची स्थळं, विहिरींच्या जागा अशाच ठरत आल्या होत्या. एकदा पंचायतीच्या एका मेंबराने पक्ष बदलण्याआधी इथे कौल लावला होता, आणि डावी मिळूनही बदलला होता. पण सायकल चालवावी की नाही, हे देवाला विचारायला कुणी पहिल्यांदाच आलं होतं.

जयराम बासष्ट वर्षांचा होता. त्यातली अडतीस त्याने सायकलवरून वाड्यावाड्यांत जाऊन कुकर आणि गॅसच्या शेगड्या दुरुस्त करण्यात घालवली होती. कॅरियरला पत्र्याची पेटी, पेटीत रबरी रिंगा, शिट्ट्या, शेगडीचे कॉक. माणसांची नावं तो विसरे, कुकर विसरत नसे. 'तीन लिटरवाला, एक कान मोडका' म्हटलं की त्याच्या डोळ्यांपुढे ते घर, अंगण आणि अंगणातलं कुत्रं उभं राही. पावसाळ्याचे चार महिने सायकल खोबरेल तेल चोपडून, मेणकापडात गुंडाळून पडवीच्या वाशाला टांगलेली असे. तेवढे दिवस जयराम बसने जाई, नाहीतर घरी बसून देवकीच्या कामात चुका काढी. दसऱ्याला सायकल खाली उतरे, हँडलला झेंडूची माळ पडे, आणि दुसऱ्या दिवशी जयराम पेडल मारी. ते बघूनच वाड्यावरचे लोक छत्र्या आत ठेवतात, असं त्याचं म्हणणं होतं. लोकांचं म्हणणं वेगळं होतं, पण त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

यंदा दसरा झाला, माळ पडली, झेंडू सुकून काळे झाले. सायकल पडवीतच होती.

"काढणार म्हणजे काढणार," हे मात्र जयराम जूनपासून सांगत होता. शेजारी, बसमध्ये, फोनवर मुलाला. मुलगा साईश डिचोलीला कारखान्यात होता. "बाबा, बशीन वचूंक तुमकां काय जाता?" एवढंच तो दरवेळी विचारी, आणि "बस बायलमनशांक," एवढंच जयराम सांगे.

खरी गोष्ट अशी होती, की जयराम घाबरला होता. मे महिन्याच्या शेवटी डोंगराच्या उतारावर चेन निसटली आणि तो सायकलसकट काजूंच्या झाडांत जाऊन पडला. घरी 'गुडघा खरचटला' म्हणून सांगितलं. प्रत्यक्षात तो अर्धा तास उताणा पडून होता. हाक मारायला तोंड उघडलं, पण आवाज आला नाही. मानेवर तांबड्या मुंग्या चढत होत्या आणि सायकलचं मागचं चाक आपल्याआप फिरत होतं. तेव्हापासून सीटवर नुसता हात ठेवला तरी त्याच्या तळव्यांना घाम येई.

हे त्याने कुणालाही सांगितलं नाही. सांगायची गरज वाटली नाही, कारण त्याच्याकडे देवकी होती. संसारात जयरामने काढलेल्या प्रत्येक गोष्टीला ती नको म्हणाली होती. रंगीत टीव्हीला, मिशीला, कुवेतला. सायकललाही ती नको म्हणेल, मग आपण थोडा आरडाओरडा करू, दोन दिवस अबोला धरू, आणि बायकोच्या हट्टापायी सायकल सुटली असं गावभर सांगून सुखाने बसने फिरू. योजना पक्की होती. फक्त देवकीला ती कळवलेली नव्हती.

"तुमकां जाय तर काढा," देवकी म्हणाली.

जयरामच्या हातातला चहा बशीत सांडला. "काढा म्हणजे?"

"काढा म्हणजे काढा. पण आदीं देवाक विचारया."

रात्रभर विचार करून जयरामचा जीव पुन्हा भांड्यात पडला. बासष्ट वर्षांच्या, गुडघे दुखणाऱ्या माणसाला सायकलवर बसवील, इतका हा देव अविचारी नव्हता. शिवाय बायकोपुढे हरण्यापेक्षा देवापुढे हरणं केव्हाही चांगलं दिसतं.

"बा देवा म्हाराजा," कृष्णनाथाने गाऱ्हाणं सुरू केलं, "हो तुझो लेकरू जयराम आज तुझ्या पायांकडे इलो आसा. पावस गेलो. आता तेणें सायकल चलवची, काय बशीन वचचें, तें तूंच सांग रे म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा," जयराम आणि देवकी एका सुरात म्हणाली.

हा देव सावकाश उत्तर देणारा म्हणून प्रसिद्ध होता. एका विहिरीच्या प्रकरणात त्याने पावणेतीन तास घेतले होते. म्हणून देवकीने थर्मासमधून चहा आणला होता. पण कृष्णनाथाचं 'म्हाराजा' पुरतं संपलंही नव्हतं, तेवढ्यात उजवी पाकळी टपकन खाली पडली.

देवकीचा हात थर्मासच्या झाकणावर होता, तो तिथेच राहिला.

"वाऱ्यान पडली," जयराम म्हणाला.

"वारो खंय आसा?"

"फॅनाचो."

"करंट सकाळीच गेलो," कृष्णनाथ म्हणाला. "जयरामा, देवान उजवी दिली. सरळ दिली. अशी उजवी मियां धा वर्सांत बघूंक नाय."

"परत एकदां लावन बघ."

कृष्णनाथ वळून त्याच्याकडे बघतच राहिला. डावी मिळालेली माणसं परत लाव म्हणतात, रडतात, दक्षिणा वाढवतात, हे त्याला ठाऊक होतं. "उजवी मेळ्ळी काय लोक पेडे वांटतत. आणि तू परत लाव म्हणतंस? देवाक काय वाटात?"

देवाला काय वाटेल ते कळायला मार्ग नव्हता. देवकीचा चेहरा मात्र पिठासारखा पांढरा झाला होता. जयरामला वाटलं, ती रागावली. वाटेत ती त्याच्या पुढे भराभरा चालली. चहाही तसाच परत आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता जयरामने सायकल अंगणात काढली. कामही होतं; डोंगरापलीकडच्या वाड्यावरच्या ताराचा, जुन्या गिऱ्हाइकाचा, तीन वेळा फोन आला होता, कुकर शिट्टी देत नव्हता. देवाचा निकाल तोवर सगळीकडे पोचला होता. शेजारची चंद्रावती खास खिडकीत येऊन उभी होती.

"जयरामबाब, भिंयेवं नाका! देवान सांगलां तुमकां!"

"भितां कोण?" जयराम म्हणाला. त्याने डावा पाय पेडलवर ठेवला, उजव्याने तीन उड्या मारल्या, आणि चौथीला सीटवर बसला. हँडल थोडं डावीकडे गेलं, थोडं उजवीकडे, आणि मग सरळ झालं. चंद्रावतीने टाळ्या वाजवल्या. देवकी दारात दिसली नाही. देवाने तिला असं हरवल्यावर ती कशाला येईल, असं मनाशी म्हणून जयराम पुढे गेला.

वळणापर्यंत तो गेला. वळणाआड, जिथून कुठलंच घर दिसत नाही, तिथे उतरला. शर्ट पाठीला चिकटला होता. सायकल फणसाच्या झाडाला टेकवून तो थोडा वेळ उगाच चाकाची हवा तपासत बसला, मग उठला आणि सायकल हाताने ढकलत चालू लागला. समोरून गाडी आली की तो चेनकडे वाकून बघे. अशी चेन त्याने सहा वेळा बघितली.

डोंगराचा चढ चढून तो पलीकडच्या उताराला लागला, आणि जागीच थांबला. पुढे काजूच्या झाडाखाली देवकी उभी होती. अंगावर लग्नाकार्याची साडी, डोक्यावर लख्ख उन्हात उघडलेली छत्री. ती पायवाटेने आधीच येऊन पोचली होती.

"तू हांगा खंय?"

"ताराकडे चललंय."

"ताराकडे? गेलीं णव वर्सां तू तिच्याशी उलोवक नाय!"

"म्हणानच चललंय. किती वर्सां उलोवचें नाय?" देवकीने त्याच्याकडे बघितलं, मग सायकलकडे. "चेन गेली?"

"गेल्ली. बसयली."

"बरें."

जयराम पुढे सरकेना. देवकीही सरकेना.

"हांगाच मरे पडलेलास तुमी?" तिने विचारलं.

जयरामला आपण ऐकलं त्यावर विश्वास बसेना. "कोणें सांगलां तुका?"

"कोणें सांगूंक जाय? शर्ट मियांच धुयलो न्हय? गुडघो खरचटलो म्हणालास, आणि तांबडी माती कॉलरापासून खालसर. गुडघ्यार पडलेल्या मनशाच्या पाठीक माती लागता?"

जयरामने पुढे बोट दाखवलं. "हांगा नाय. ती मुकार, तिसरी काजी."

देवकी तिसऱ्या काजूच्या झाडापर्यंत गेली. खाली बघितलं. तिथे काही नव्हतं. सुकी पानं होती, आणि एक फुटकी बाटली.

"किती वेळ?"

"अर्दो वर. जास्त नाय."

"आणि हाक मारूंक नाय?"

"मारली गे. आवाज येय ना."

देवकीने छत्री मिटली. परत उघडली. "मियां नको म्हणालंय जाल्यार तुमी मुद्दाम काढतलास, म्हणान देवार घातलें. चार दिस सांगत होतंय तेका, डावी दी म्हणान. नारळ बोललंय."

"तू डावी मागलंस?"

"मगे काय?"

जयराम सायकलचं हँडल धरून उभा राहिला. त्याला हसू येत होतं की रडू, ते त्यालाही नीट कळलं नाही. "मियांय डावीच मागलेली," तो म्हणाला.

आता थक्क व्हायची पाळी देवकीची होती. तिने छत्री मिटून सायकलच्या हँडलला अडकवली.

"दोगांनीय एकच मागलें," शेवटी ती म्हणाली. "कदीं न्हय तें. देवाक तें खरें दिसूंक नासतलें."

उताराची वाट दोघांनी मिळून काढली. जयराम एका बाजूला, देवकी दुसऱ्या, सायकल मध्ये. उतार असल्याने ती पुढे ओढू लागली की दोघंही आपापल्या बाजूचा ब्रेक दाबत. देवकीला ब्रेक कुठे असतो हे त्या दिवशी पहिल्यांदा कळलं, आणि ती गरजेपेक्षा जास्त दाबत होती. ताराचं घर जवळ आलं तसा जयराम हळू झाला. घराच्या पडवीतून शेताच्या बांधापर्यंतचा रस्ता दिसत होता, आणि पडवीत तारा उभी होती. सायकल ढकलत येणारा कुकरवाला तिने अडतीस वर्षांत पाहिला नव्हता. ही तालुकाभर सांगेल, जयरामच्या मनात आलं. त्याने पेडलकडे बघितलं. पाय उचलायला लागला. देवकीने त्याच्या मनगटावर हात ठेवला, आणि तसाच ठेवला.

"अगे देवकीवयनी!" तारा अंगणात उतरत ओरडली. नऊ वर्षांचा अबोला तिच्याही लक्षात राहिला नाही. "तू गे कशी? आणि ही सायकल घेवन दोगांय?"

जयराम काही बोलणार, त्याआधी देवकी बोलली. संसाराच्या छत्तीस वर्षांत तिने कधी दुधातही पाणी घातलं नव्हतं.

"डबल सीट इलों," ती म्हणाली. "आत्तां तुज्या बांदार उतरलों. माजी साडी चाकांत घुसात म्हणान."

"ह्या वयार? ती घाटी उतरान?"

"देवान उजवी दिली न्हय," देवकी म्हणाली आणि पदर सारखा केला.

जयराम तिच्याकडे बघत राहिला. देवळात पाकळी पडली तेव्हाही तो इतका हादरला नव्हता. ताराने दोघांकडे आळीपाळीने बघितलं, मग सायकलकडे, आणि मग तिने दोन खुर्च्या बाहेर आणल्या. आधी पुसल्या. पाणी दिलं. इतक्या वर्षांत या घरी जयराम कायम पायरीवर बसत आला होता.

तो खुर्चीवर बसला. पाणी प्याला. पेटी उघडली, चष्मा लावला, आणि ताराने पुढे ठेवलेला कुकर मांडीवर घेऊन त्याची शिट्टी काढून उजेडात धरली.

कुकर बिघडलेला नव्हता. शिट्टीत भाताचं एक शीत अडकलं होतं.